मांजा आणि 'टाइम'

स्कोअरशीटवर पतंगासाठी खूण नसते. चौथ्या इनिंगच्या रकान्यात मी पेन्सिलीने एक तिरका चौकोन काढला, त्याला शेपटी लावली आणि खोडून टाकला.

संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. सुरतेत संक्रांत म्हणायची सोय नाही, इथे उत्तरायण. उधन्याकडच्या एका शाळेच्या मैदानावर मुलींचा मैत्रीचा सामना चालला होता. आमच्या संघातल्या पोरी लिंबायत-डिंडोलीच्या, बहुतेक खान्देशी घरांतल्या. बाप लूमवर, आई घरी साड्यांना लेस लावणारी. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती. मैदानावर या तिन्ही आणि शिवाय 'स्टील, स्टील', 'बॅक, बॅक'. होम प्लेटमागे आबा. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले, पण अंपायरचा मास्क काही सुटला नाही. डगआउटमध्ये प्रथमोपचाराची पेटी घेऊन त्यांची पुतणी. ती फिजिओथेरपिस्ट आहे. आबा तिला डॉक्टरीणबाई म्हणतात आणि ती दर वेळी सांगते की मी डॉक्टर नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमच्या रनर, एक आउट. बॅटरने चेंडू लेफ्ट फिल्डच्या डोक्यावरून टाकला. दुसऱ्या बेसवरची घराकडे सुटली, पहिल्यावरची दुसरा बेस वळून तिसऱ्याकडे. नेमका त्याच वेळी एक कापलेला हिरवा पतंग, अगदी सावकाश, जणू जागा शोधत असल्यासारखा, मैदानावर उतरला. पतंग पडला शॉर्टस्टॉपमागे. त्याचा मांजा मात्र अजून वरच होता, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधोमध, छातीच्या नाही तर गळ्याच्या उंचीवर. भिंतीवरून पाच-सहा पोरं 'काइपो छे' करत आत उड्या टाकून आली. रनरने उजवा हात चेहऱ्यापुढे धरला, तशीच धावली आणि तिसऱ्या बेसवर घसरत पोचली. सेफ. थ्रो उशिरा आला, एक रन झाला. चेंडू पिचरच्या हातात परत आल्यावर आबांनी दोन्ही हात डोक्यावर नेले.

"टाइम!"

पोरीच्या मनगटापासून कोपरापर्यंत एक बारीक लाल रेघ उमटली होती. रक्त जेमतेम, कागदाने कापतं तेवढं. पुतणीने ती रेघ पाहिली, स्पिरिट लावलं, आणि आबांकडे बघितलंच नाही. मी तेव्हाच ओळखलं की आज पोंक गोड लागणार नाही.

पोंक म्हणजे आपला हुरडाच. ज्वारीचे कोवळे दाणे भाजून, सोबत लिंबू-मरीची शेव. जानेवारीत सुरतकर त्याच्यावर जगतात. गाडीजवळच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. द्रोण हातात आला तरी ती बोलेना. मग एकदम म्हणाली, "आबा, तुम्हाला मांजा दिसला होता का नव्हता?"

"दिसला ना."

"मग?"

"मग काय? चेंडू जिवंत होता."

"पोरगी पण जिवंत होती."

आबांनी शेव चिमटीत घेतली. "हे बघ, नियम काय म्हणतो? पिचरने हात फिरवायला सुरुवात केल्यावर टाइम नाही. खेळ चालू असताना टाइम नाही. खेळाडूने मागितला, कोचने मागितला, कर्णधार पाया पडली, तरी आधी सगळी धावाधाव संपू द्यायची आणि मग हात वर करायचा. का? तर मधेच थांबवलं की कुणाचं तरी काहीतरी जातं. माझ्या एका शब्दाने एका बाजूचा रन गेला असता."

"आणि त्याच नियमाच्या पुढच्या ओळीत काय आहे?"

आबा हसले. तिने हे वाचलेलं असणार हे त्यांना ठाऊक होतं. दुखापतीलाही खेळ संपेपर्यंत थांबायचं, असं नियम सांगतो; पण दुखापत इतकी गंभीर असेल की थांबल्याने खेळाडूच्या जिवावर बेतेल, तर अंपायरने चालू खेळातही थांबवावं आणि रनरना त्याच्या अंदाजाने बेस द्यावेत.

"दुखापत झाल्यावर," आबा म्हणाले. "होईल म्हणून नाही."

"म्हणजे आधी गळा कापू द्यायचा?"

इथे मला मधे पडावंसं वाटलं. मांजाची गोष्ट सुरतेत कुणी हसण्यावारी नेत नाही. डबगरवाडातून पतंगांचे गठ्ठे निघायला लागले की शहरातल्या दुचाकीवाल्यांच्या माना आपोआप आखडतात. काचेची पूड लावून सुतवलेला सुरती मांजा नावाजलेला आहे, आणि त्याच्यापुढे तो नायलॉनचा, ज्याला लोक चायनीज म्हणतात, तो तर तुटतच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरी दर जानेवारीत लोक स्कूटरच्या हँडलवर तारेची कमान लावून घेतात आणि गळ्याला मफलर गुंडाळतात, थंडी असो नसो. सॉफ्टबॉलमध्ये रनरच्या डोक्यावर हेल्मेट असतं. गळ्यावर काही नसतं.

पण आबांचं म्हणणं मला अगदीच हट्टाचं वाटत नव्हतं. त्यांनी आयुष्यात 'टाइम' या शब्दाचे फार उपयोग पाहिलेत. सॉफ्टबॉलचा सामना सात इनिंगचा. पावसाने किंवा अंधाराने मधेच सोडावा लागला, तर पाच इनिंग पूर्ण झाल्या असल्या की निकाल धरतात. आणि नंतर बॅटिंग करणारा संघ पुढे असेल तर त्याच्या चारही पुरतात. आता आभाळ भरून आलंय, चौथी इनिंग चालू आहे आणि तुमचा संघ मागे आहे. काय कराल? बुटाची नाडी सुटते. पिचरच्या डोळ्यात धूळ जाते. कॅचरला अचानक पॅड घट्ट वाटतं. जो पुढे आहे तो मात्र तीन चेंडूंत आउट व्हायला तयार, फक्त इनिंग संपव म्हणून. आबा म्हणतात की अशा वेळी अंपायरचं निम्मं काम 'टाइम' न देणं हेच असतं.

"बरं, नाडीचं सोडा," पुतणी म्हणाली. "विजेचं बोला."

"विजेचं काय बोलायचं? वीज दिसली की आत."

"दिसली की नाही आबा. ऐकू आली की. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. लखलखाट आणि आवाज यांच्या मधले सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. आणि शेवटचा गडगडाट झाल्यापासून अर्धा तास मैदानावर पाऊल नाही. मधे पुन्हा वाजलं तर अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून."

"आणि आत म्हणजे कुठे? आपल्याकडे आत असतं का?"

हा प्रश्न खरा होता. डगआउट म्हणजे चार बांबू आणि वर पत्रा. चारी बाजूंनी उघड्या शेडखाली उभं राहणं विजेत कामाचं नाही. झाडाखाली तर नाहीच. हातात ॲल्युमिनियमच्या बॅटा, मागे उंच लोखंडी जाळीचा बॅकस्टॉप. पक्की इमारत नसेल तर पोरी ज्या बसमधून आल्या ती पत्र्याच्या छपराची बस, खिडक्या लावून. ती हे सगळं घडाघडा बोलली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप तिच्या फोनवर आहे. आजूबाजूच्या वीस ते चाळीस किलोमीटरांत विजा कुठे पडताहेत ते त्यात दिसतं. आपल्या देशात वीज पडून वर्षाला अडीच हजारांवर माणसं मरतात, तीही बहुतेक उघड्यावर, शेतात. सामना तरी काय, उघड्यावरच चालतो.

मला आपलं तेव्हा भलतंच आठवलं. हा खेळ मुळात घरातला. १८८७ मध्ये शिकागोतल्या एका बोट क्लबात, नोव्हेंबरच्या थंडीत, जॉर्ज हॅनकॉकने मुष्टियुद्धाचा ग्लव्हज दोरीने बांधून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने टोलवला. बाहेर हवा खराब म्हणून आत शोधलेला खेळ. आणि इथे आम्ही हवा खराब झाल्यावर त्याला आत कसं न्यायचं यावर भांडतोय. मी हे बोललो नाही. आबांना मी स्कोअरर म्हणूनच आवडतो.

"मी थांबवलाय सामना विजेसाठी," आबा म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "खान्देशातल्या एका गावी. जून लागला होता. चौथी इनिंग, तीनास दोन. लांब कुठेतरी वाजलं. मी हात वर केले, सगळ्यांना शाळेच्या व्हरांड्यात नेलं. वीस मिनिटांत ऊन पडलं, भो. चांगलं कडक ऊन! आणि पाहुण्या संघाची भुसावळ-सुरत पॅसेंजर निघायच्या वेळेला आलेली. अर्धा तास पुरा होईपर्यंत त्या बसल्या असत्या तर गाडी चुकली असती, दुसरी रात्रीची. पोरी निघाल्या. पाच इनिंग झाल्या नव्हत्या, म्हणून निकाल नाही. आयोजक मला म्हणाले, सर, एक टिपूस नाही पडला. त्या पोरींच्या कोचने माझ्याशी हात पण मिळवला नाही."

"पण तुम्ही बरोबर होतात."

"ते तू म्हणतेस. त्या दिवशी वीज पडली असती तर मी बरोबर ठरलो असतो."

पुतणी गप्प झाली. मला वाटतं सगळ्या वादात आबांचं हेच वाक्य सर्वांत जड होतं, आणि ते त्यांच्याच बाजूचं नव्हतं. कारण त्यांनी पुढे सांगितलं की तसाच गडगडाट उद्या झाला तर ते पुन्हा थांबवतील. फक्त पैसे कुणी भरायचे ते आधी ठरवा म्हणतात. आपल्या स्पर्धांना राखीव दिवस नसतो. मैदान भाड्याचं असतं, जेवण एकाच वेळचं असतं, तिकीट जनरलचं असतं. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के जागा राखीव आहेत; तेव्हा एका सर्टिफिकेटवर एखाद्या घराचं नशीब टांगलेलं असतं. नियमपुस्तकात अंपायरला खेळ थांबवायचा पुरता अधिकार दिलाय, कारण त्याचं त्यात काही अडकलेलं नसतं असं पुस्तक धरून चालतं. स्टेशनवर गाडी लागलेली असताना अंपायरचंही अडकलेलं असतं.

"आणि ऊन?" मी विचारलं. थोडा विषय बदलावा म्हणून.

उन्हावर दोघांचं लगेच जुळलं, त्यामुळे त्यात मजा आली नाही. मे महिन्यातली सुरत, समुद्राची दमट हवा, आणि कॅचरच्या अंगावर मास्क, छातीचं पॅड, पायाला गार्ड. तिच्या मागे हातभर अंतरावर अंपायर उभा असतो. आबा म्हणाले, तिचा श्वास मला आईच्या आधी ऐकू येतो. खुणा दाखवताना बोटं चुकायला लागली, दोनच्या जागी तीन दिसायला लागली, की ते सरळ प्लेट झाडायला पुढे येतात. प्लेट झाडायला अंपायर जागचा हलला की टाइम असतोच. कुणाला कळतही नाही की थांबवलं. प्लेट स्वच्छ असली तरी ते झाडतात, सावकाश, चारी कोपरे. तेवढ्यात पाणी येतं.

"बघा," पुतणी म्हणाली, "म्हणजे तुम्ही धोका व्हायच्या आधी थांबवता. नियमात आहे का उन्हाचं?"

"तेव्हा चेंडू मेलेला असतो ना, बये."

मग मी इडन गार्डन्स काढलं. १३ मार्च १९९६, विश्वचषकाची उपांत्य फेरी. भारत ८ बाद १२०, बाटल्या, आगी. मॅच रेफ्री क्लाइव्ह लॉइडने दोन्ही संघ आत नेले, पुन्हा बाहेर आणून बघितलं, पुन्हा बाटल्या आल्या, आणि सामना श्रीलंकेला दिला. रडत परतणारा विनोद कांबळी आमच्या पिढीतल्या कुणाच्याही डोळ्यांपुढून जात नाही. सॉफ्टबॉलमध्येही असं टोक आहे. थांबलेला खेळ 'प्ले बॉल' म्हटल्यावर दोन मिनिटांत एखादा संघ सुरू करेना, तर सामना समोरच्याला, ७-० ने. लोक भांडतात ते थांबवण्यावरून, पण पुस्तकाला काळजी पुन्हा सुरू करण्याचीच जास्त दिसते.

"त्याच्यापेक्षा इंदूर घ्या," पुतणी म्हणाली. क्रिकेट तिलाही येतं. "१९९७, नाताळचा दिवस. खेळपट्टी इतकी वाईट की तीन षटकांत बंद. सचिन आणि रणतुंगा दोघंही म्हणाले, नको. कुणी मेलं नव्हतं, कुणाचं डोकं फुटलं नव्हतं. होईल म्हणून थांबवलं."

"दोन चेंडूंच्या मधे थांबवलं," आबा म्हणाले. "कुणी धावत नव्हतं. माझी अडचण तेवढीच आहे. तुला समजत कसं नाही? मी त्या क्षणी टाइम म्हटला असता, तर मला ठरवावं लागलं असतं की पुढची घरी पोचली असती का, मागची तिसऱ्यावर पोचली असती का, बॅटर दुसऱ्यावर का पहिल्यावर. डोक्यातला सामना कागदावर लिहायचा. समोरचा संघ ऐकेल?"

इथे तिने द्रोण बाजूला ठेवला. डावा हात आडवा पुढे केला आणि मूठ वळली.

ज्याने सॉफ्टबॉल पाहिलाय त्याला ती खूण कळते. क्षेत्ररक्षकाने रनरची वाट अडवली की अंपायर डावी मूठ अशी बाहेर धरतो. खेळ चालू राहतो, आणि संपल्यावर तो रनरला तो बेस देतो, जो अडवलं नसतं तर तिने गाठला असता. गाठला असता! म्हणजे पुन्हा डोक्यातलाच सामना.

"हे तुम्ही दर सामन्यात दोनदा करता," ती म्हणाली. "प्रेक्षकाने आत येऊन चेंडू धरला तरी करता. ती पतंगवाली पोरं चेंडूला लागली असती तर लगेच डेड बॉल दिला असता आणि बेस वाटले असते. मग मांजालाच का अंदाज चालत नाही?"

आबांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. पोंकवाला शेव विचारून गेला. मला वाटलं, हरले. त्यांच्या मानेवर मास्कच्या पट्ट्याचा घामेजलेला पांढरा वळ होता, तो त्यांनी रुमालाने पुसला.

"अडवणारीची चूक असते," शेवटी ते म्हणाले. "तिच्या संघाकडून मी बेस काढून रनरला देतो. चुकीचं माप थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, कारण मूळ चूक तिची. पतंगात कुणाची चूक? लेफ्ट फिल्डच्या पोरीची? तिने काय केलं? मी रन दिला तर तिचा जातो, नाही दिला तर आपल्या पोरीचा. मी कुणाचं काढून कुणाला देऊ?"

"कुणाचं काढा, आबा. रनच आहे तो."

खरं सांगायचं तर मी त्या क्षणी तिच्या बाजूला गेलो. आबांचा तर्क चोख होता, पण तो मी मघाशी लाल रेघेकडे बघताना ऐकला असता तर मला पटला नसता. मांजा हाताऐवजी गळ्यावरून सरकायला वीतभर फरक पुरतो. शिवाय एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. आबांनी टाइम दिला असता आणि तिघींना पुढचे बेस दिले असते, तरी धावफलक तोच राहिला असता. एक रन, तिसऱ्यावर रनर. मी शीट काढून दाखवली. आबा म्हणाले, "ते आत्ता कळतंय." तेही खरंच होतं.

उत्तरायण झालं. सोळा तारखेच्या सकाळी आम्ही पुन्हा त्याच मैदानावर. झाडांवर, तारांवर, बॅकस्टॉपच्या जाळीत फाटके पतंग लटकलेले. आबा सगळ्यांच्या आधी आले होते. हातात एक काडी घेऊन ते होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या बेसपर्यंत, मग आउटफिल्डमध्ये वाकून वाकून चालत होते. गवतात पडलेला मांजा काडीवर गुंडाळत होते. गुलाबी, निळा, काळा. चार बाजू चालून झाल्या तेव्हा काडीवर जवळजवळ सॉफ्टबॉलएवढा गोळा झाला होता. त्यांच्या तर्जनीवर दोन चिरा पडल्या होत्या. पुतणीने न विचारता त्यांच्या बोटाला पट्टी लावली.

सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना बोलावून मैदानाचे स्थानिक नियम सांगायची पद्धत असते. भिंतीला लागून चेंडू उडाला तर काय, गटारीत गेला तर काय. आबांनी ते सगळं सांगितलं. मग म्हणाले, "आणि मांजा उतरताना दिसला की मी लगेच टाइम देणार. धावत असाल तिथे थांबायचं. ज्या बेसकडे निघाला असाल तो तुमचा. दोन्ही संघांना मान्य?"

आमची कर्णधार म्हणाली, मान्य. तिच्या हातावरची रेघ आता तपकिरी झाली होती, तीच ती.

समोरची कर्णधार विचारात पडली. चौदा-पंधरा वर्षांची, दोन वेण्या हेल्मेटमध्ये कोंबलेल्या.

"सर," ती म्हणाली, "आणि कुणी खोटंच ओरडलं, मांजा म्हणून?"

आबांनी पट्टी बांधलेलं बोट हवेत धरलं आणि डगआउटकडे, पुतणीकडे बघितलं.